ई२० पेट्रोल आणि आपली गाडी: गोव्यातील वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळच्या आमच्या गॅरेजात गाडी घेऊन येणारा माणूस हल्ली ब्रेक किंवा क्लचविषयी बोलण्याआधी पेट्रोलविषयी विचारतो. तेच प्रश्न इतक्यांदा कानावर आले, की त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवणे सोयीचे वाटले. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ती दोन वाक्यांत सांगितली की गैरसमज वाढतो, असा अनुभव आहे.

पंपावर मला ई१०, ई२० किंवा इथेनॉल नसलेले पेट्रोल यांतून निवड करता येते का?

साध्या पेट्रोलपुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. (‘ई’ म्हणजे इथेनॉल आणि पुढचा आकडा म्हणजे पेट्रोलमधली त्याची टक्केवारी.) ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरू येथील ‘इंडिया एनर्जी वीक’मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ई२० पेट्रोलची विक्री सुरू झाली, तेव्हा ते ११ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील केवळ ८४ पंपांवर मिळत होते. (पुढच्या वर्षी हाच मेळावा आपल्या बेतुलला भरला, तेव्हा इथेनॉल हा शब्द गोव्यातही घरोघरी पोचला.) मूळ धोरणानुसार २० टक्के मिश्रण २०३० पर्यंत गाठायचे होते, ती मुदत अलीकडे आणून २०२५-२६ करण्यात आली आणि २०२५ पर्यंत देशभर साधे पेट्रोल म्हणजे ई२० अशी स्थिती झाली. ग्राहकाला इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

त्यामुळे योग्य पेट्रोल कोणते हा प्रश्न पंपाच्या नळीपाशी सुटत नाही. आपली गाडी कोणत्या मिश्रणासाठी बनवली आहे हे आधी कळले पाहिजे, आणि ती ई२० साठी बनवलेली नसेल तर तिच्यात काय बदलायचे व काय सांभाळायचे हे ठरवले पाहिजे. पुढची बहुतेक उत्तरे याच अंगाने दिलेली आहेत.

ई२० म्हणजे नेमके काय?

शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल आणि उरलेले पेट्रोल. हे मिश्रण पंपावर होत नाही. डेपोतून टँकर निघण्यापूर्वीच ते झालेले असते. इथेनॉल म्हणजे आपल्याला पूर्वापार ओळखीचा मद्यार्कच. काजूच्या बोंडूच्या रसापासून भट्टीत जी फेणी उतरते तिच्यातला मद्यार्क आणि हा मद्यार्क रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच पदार्थ आहे. फरक पाण्याचा. फेणीत निम्म्याहून अधिक भाग पाणी असते, तर इंधनात घालायचे इथेनॉल निर्जल, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध असावे लागते. हे लिहिण्याचे कारण असे, की ‘मग गाडीत फेणी ओतली तर चालेल का’ हा विनोद आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. चालणार नाही, पाण्यामुळे गाडी बंद पडेल आणि फेणीही वाया जाईल.

इथेनॉलचे चार गुणधर्म लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्याच्या वजनाचा जवळजवळ ३५ टक्के भाग ऑक्सिजन असतो, म्हणून ते जाळायला बाहेरची हवा कमी लागते. त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे. आणि ते पाणी ओढून घेते, जे पेट्रोल करत नाही.

देशात हे इथेनॉल ऊस, मका आणि तांदूळ यांपासून तयार होते. गोव्यापुरते बोलायचे तर धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप गेली काही वर्षे बंद आहे आणि तिथे इथेनॉल प्रकल्प उभारण्याची चर्चा अधूनमधून होत असते. आपल्या टाकीत आज पडणारे इथेनॉल मात्र बाहेरून येते.

माझी गाडी ई२० साठी बनवलेली आहे की नाही, हे कसे ओळखावे?

पेट्रोल भरण्याच्या तोंडावरचे बाहेरचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला पाहावे. मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार गाडी कोणत्या मिश्रणाला चालते हे उत्पादकाने ठरवायचे असून तसे स्पष्ट दिसणारे स्टिकर लावायचे आहे. तिथे ‘ई२०’ असे लिहिलेले असेल तर शंका मिटली. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने आणि धुण्याने हे स्टिकर पुसट होते किंवा निघून जाते. तसे असेल तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतले इंधनाचे प्रकरण वाचावे. ‘१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल’ अशा अर्थाचे वाक्य तिथे असेल, तर ती गाडी ई१० ची समजावी.

स्टिकर नाही आणि पुस्तिकाही हरवली असेल, तर उत्पादनाचा महिना पाहावा. सर्वसाधारणपणे १ एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांचे इंधनाच्या संपर्कात येणारे भाग ई२० सहन करणारे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांचे इंजिनही ई२० धरून जुळवलेले असावे, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ठरले होते. इथे बरेच जण एक चूक करतात. आरसी पुस्तिकेवरील नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी शोरूमच्या आवारात उभी राहून मे महिन्यात नोंदली गेलेली असू शकते. उत्पादनाचा महिना आरसीवर असतो, तोच धरावा.

दुसरी चूक ‘बीएस-६’ या धुराच्या प्रदूषणाच्या मानकाची. गाडी बीएस-६ आहे म्हणून ती ई२० चीही आहे असे होत नाही. बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानंतरच्या तीन वर्षांतल्या पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच लिहिलेली आहे. दुसऱ्या बाजूने, काही कंपन्यांनी ई२० चे भाग मुदतीच्या आधीच बसवायला सुरुवात केली होती. त्यामुळे २०२० ते २०२३ या काळातल्या गाडीबाबत अंदाज बांधत बसू नये. चासी क्रमांक देऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडून लेखी, निदान ईमेलने, उत्तर मागवावे.

माझी गाडी २०१० च्या आसपासची आहे. ई२० भरल्यावर तिचे नक्की काय होते?

एका दिवसात काहीच होत नाही. ‘भरले आणि इंजिन गेले’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि ‘काहीही होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावरही नाही. जे होते ते हळूहळू होते, आणि बहुतेक वेळा ते इंजिनात होत नसून टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेवर होते.

इथेनॉलमुळे काही जातींचे रबर आधी फुगते, मग कडक होऊन चिरते. जुन्या नळ्या, ओ-रिंग, कार्बोरेटरचे गॅस्केट आणि बुचाचे पॅकिंग यांचा यात पहिला नंबर लागतो. पितळ, जस्त आणि ॲल्युमिनियमच्या काही भागांना, विशेषतः त्यात पाण्याचा अंश आला तर, गंज किंवा खवले धरतात. शिवाय इथेनॉल उत्तम द्रावक असल्यामुळे टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला चिकट गाळ ते सोडवते आणि तो गाळ फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. ई२० सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत चढावर गाडी दम टाकू लागली, तर पंप बदलण्याआधी फिल्टर बदलून पाहावा. आमच्याकडे आलेल्या अशा गाड्यांपैकी बऱ्याच तेवढ्यावर मार्गी लागल्या.

माझ्या स्वतःच्या २००९ च्या गाडीत हे सगळे नळीपासून सुरू झाले. सकाळी गॅरेजचे शटर उघडले की पेट्रोलचा किंचित वास यायचा आणि गाडी चालू केल्यावर तो नाहीसा व्हायचा. चार दिवस मी शेजारच्या स्कूटरला दोष दिला. शेवटी फिल्टरजवळची इतभर नळी वाकवून पाहिली, तर बाहेरून धड दिसणाऱ्या रबरावर केसांइतक्या बारीक भेगांची जाळी उमटली आणि बोटाला ओल लागली. नळीची किंमत किरकोळ होती, पण ती एक्झॉस्टपासून फार लांब नव्हती.

पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात असे म्हटले आहे, की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि तो खर्च मोठा नसतो. माझा सल्ला थोडा पुढचा आहे: गाडी पंधरा वर्षांच्या आसपासची असेल, तर तेवढे किलोमीटर मोजत बसू नये. पुढच्या सर्व्हिसिंगलाच इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून घ्याव्यात. नवी नळी घेताना तिच्यावर ‘एसएई जे३० आर९’ अशी छाप आहे का ते पाहावे. या नळीचे आतले अस्तर इथेनॉलला दाद न देणाऱ्या फ्लुओरो रबराचे असते. दुकानदार ‘सगळ्या सारख्याच’ म्हणाला, तर दुसरे दुकान गाठावे.

कार्बोरेटर असलेल्या गाड्यांची आणखी एक अडचण आहे. इंजेक्शन असलेल्या गाडीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ झाल्याचे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याचे, ओळखतो आणि संगणक थोडे जास्त पेट्रोल सोडून ते सावरतो. कार्बोरेटरला ही अक्कल नसते. पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, म्हणजे जेट, ठरलेल्या मापाचे, त्यामुळे ई२० वर इंजिन पातळ मिश्रणावर चालते, थंड असताना गचके देते आणि जास्त तापते. जुनी मारुती ८००, पद्मिनी किंवा हौसेने सांभाळलेली बुलेट असेल, तर जाणत्या मिस्त्रीकडून मिश्रण पुन्हा जुळवून घेणे, गरज पडल्यास एक माप मोठा जेट बसवणे हाच उपाय आहे.

मायलेज किती कमी होते?

नीती आयोगाच्या आराखड्यातील अंदाजानुसार, मूळ इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या व ई१० ला जुळवलेल्या चारचाकीत ई२० मुळे कार्यक्षमता ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई१० साठी रचून ई२० ला जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के घटते. मंत्रालयाने नंतर जुन्या गाड्यांसाठी ३ ते ६ टक्के असा आकडा दिला.

रोज पणजी ते मडगाव असे नोकरीला ये-जा करणाऱ्याचे गणित मांडू. दोन्ही वेळचे मिळून ६८ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,७०० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ११३ लिटर लागत होते. मायलेज ६ टक्क्यांनी घटून १४.१ झाले, तर सुमारे १२०.५ लिटर लागतील. महिन्याला सात लिटरांचा फरक. घट २ टक्के असेल, तर हाच फरक दोन-सव्वादोन लिटरांवर येतो. सात लिटर म्हणजे खिशाला जाणवणारी रक्कम आहे हे मान्य. पण ‘मायलेज अर्ध्यावर आले’ असे कोणी सांगत असेल, तर त्याने टायरमधली हवा, चिकटलेले ब्रेक आणि एअर फिल्टर तपासावेत, कारण इथेनॉलमुळे एवढी घट होणे शक्य नाही.

मोजताना टाकी पहिल्या ‘टिक्’ला थांबवावी, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी आणि अशा किमान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. जुन्या आठवणींशी तुलना करताना रस्ताही बदलला आहे हे विसरू नये. जुन्या जुवारी पुलावर अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये सरकणारी गाडी आज नव्या पुलावरून भर्रकन जाते, तेव्हा कित्येकांच्या गाडीत ई२० ची घट त्या फायद्यात झाकली गेली आहे.

जास्त किमतीचे ‘प्रीमियम’ पेट्रोल भरले तर इथेनॉल टळते का?

बहुधा नाही. नावापुढे ‘९५’ असलेले किंवा इंजिन स्वच्छ ठेवण्याची रसायने घातलेले पेट्रोल म्हणजे इथेनॉलविरहित पेट्रोल, असा समज सर्रास आढळतो. ऑक्टेनचा आकडा आणि इथेनॉलचे प्रमाण यांचा असा संबंध नाही; उलट इथेनॉलच ऑक्टेन वाढवते आणि म्हणूनच साधे ई२० पेट्रोल आता ९५ ऑक्टेनचे झाले आहे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेले ‘एक्सपी१००’ हे इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाते; पण ते मोजक्याच पंपांवर मिळते आणि साध्या पेट्रोलच्या दीडपटीहून महाग पडते. रोजच्या गाडीसाठी हा खर्च मला पटत नाही: तीन-चार टाक्यांच्या जादा पैशांत सगळ्या रबरी नळ्या बदलून होतात. वर्षातून चारदा बाहेर काढायची जुनी, जिवापाड जपलेली गाडी असेल, तर गोष्ट वेगळी. कोणतेही महाग पेट्रोल घेण्याआधी पंपाच्या व्यवस्थापकाला ‘यात इथेनॉल किती टक्के’ एवढेच विचारावे. नळी हातात धरलेल्या मुलाला विचारून उपयोग नाही. त्याला ते सांगितलेले नसते.

गोव्याच्या पावसाळ्यात इथेनॉल पाणी ओढून घेते, मग टाकीत पाणी साठते का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त अतिरंजित झालेला प्रश्न आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषते हे खरे; पण आजच्या गाडीची टाकी हवेला उघडी नसते. तिचा श्वास पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यातून जातो, आणि रोज वापरातल्या गाडीत पेट्रोल आठ-पंधरा दिवसांत संपते. एवढ्या काळात दमट हवेतून जाणारे पाणी नगण्य असते.

थोडे पाणी गेले तरी इथेनॉल ते आपल्यात विरघळवून घेते आणि ते इंजिनातून जळून बाहेर पडते. अडचण मर्यादा ओलांडल्यावर येते. ई१० मध्ये ही मर्यादा साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. ई२० थोडे अधिक पाणी सामावून घेते. ती ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्यासकट तळाला जाऊन बसते. मग टाकीत दोन थर होतात: वर ऑक्टेन घटलेले पेट्रोल आणि खाली पाणी व मद्यार्क यांचे मिश्रण. गाडीचा पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनाला नेमका तो खालचा थर मिळतो. पूर्वी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये पेलाभर पाणी गेले तर ते तळाशी गुपचूप पडून राहायचे आणि मिस्त्री ते काढून टाकायचा. आता तेच पेलाभर पाणी अधिक झाले, तर आपल्याबरोबर कित्येक लिटर इथेनॉल खाली खेचून नेते.

एवढे पाणी हवेतून येत नाही, ते वाटेने येते. बुचाचे रबर सुकलेले असते आणि गाडी धुताना जोरदार फवारा नेमका तिथे मारला जातो. दुचाकीच्या टाकीच्या वरच्या झाकणाभोवती पाणी साचते आणि तिथले निचऱ्याचे बारीक भोक मातीने बुजलेले असते. पावसात उभ्या असलेल्या पायलटांच्या (भाड्याने प्रवासी नेणाऱ्या दुचाकीचालकांच्या) मोटारसायकलींना आणि भाड्याच्या स्कूटरना हा रोग फार. मे महिना संपण्यापूर्वी बुचाचे पॅकिंग बदलणे आणि ते भोक तारेने मोकळे करणे ही दोन कामे केली, तरी निम्मी चिंता मिटते. सखल भागात पाणी तुंबल्यानंतर तिथल्या पंपावर लगेच पेट्रोल भरू नये, एक-दोन दिवस जाऊ द्यावेत, हे मी स्वतः पाळतो.

मी तारवटी आहे. सहा-नऊ महिने जहाजावर असताना गाडी घरी उभी असते. काय करावे?

आपल्याकडे हा प्रश्न घरटी एकाचा आहे. घरातले कोणी पंधरवड्यातून एकदा गाडी काढून वीस-पंचवीस मिनिटे खरोखर चालवत असेल, तर दुसरे काही करण्याची गरज नाही. अंगणात पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याने मात्र फायद्यापेक्षा तोटा अधिक होतो.

कोणीच चालवणार नसेल, तर जाण्याच्या आदल्या दिवशी टाकी पूर्ण भरावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. इंधन टिकवणारे रसायन मिळाल्यास भरतानाच घालावे आणि नंतर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचते. परत आल्यावर जुने पेट्रोल थोडे वापरून लगेच ताजे भरावे. कार्बोरेटरच्या दुचाकीला हा नियम उलटा लागतो: पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. अशी वाटी पावसाळाभर भरलेली राहिली तर तिच्या तळाशी हिरवट-पांढरा थर धरतो आणि बारीक जेट बुजतो; ऑक्टोबरात आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या स्कूटरांचे दुखणे हेच असते.

पंपावर पेट्रोल चांगले आहे की नाही, हे मी तपासू शकतो का?

होय. फिल्टर पेपरची चाचणी, घनतेची तपासणी आणि पाच लिटरच्या मापाने मोजणी हे ग्राहकाचे हक्क आहेत आणि पंपाने त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात. फिल्टर पेपरवर टाकलेला थेंब दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. मात्र या चाचणीने रॉकेलसारखी भेसळ कळते. इथेनॉलचे प्रमाण किंवा विरघळलेले पाणी कळत नाही.

इथेनॉल किती आहे हे पाहायचे असेल, तर पाण्याची चाचणी सोपी आहे. शंभर मिलिलिटरच्या काचेच्या मापात २० मिलिलिटर पाणी आणि ८० मिलिलिटर पेट्रोल घेऊन, तोंड बंद करून हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा थर वाढतो. पेट्रोल ई२० असेल, तर २० चा थर ३६ च्या जवळपास जातो. ई१० असेल, तर २८ च्या आसपास थांबतो. ही चाचणी ढोबळ आहे आणि ती उघड्या जागी, ज्योतीपासून लांब करायची आहे. कोणी स्वयंपाकघरात करू नये.

पत्रादेवी किंवा पोळे ओलांडून महाराष्ट्रात, कर्नाटकात पेट्रोल भरले तर फरक पडतो का?

इथेनॉलच्या बाबतीत नाही. तिकडेही ई२० च आहे. दरात पडतो, आणि तो राज्याच्या करामुळे. बांदा-सावंतवाडीच्या गाड्या टाकी भरायला इकडे येतात, त्याचे कारण पेट्रोलची जात नव्हे. दोन राज्यांचे पेट्रोल टाकीत एकत्र झाल्याने काहीही बिघडत नाही.

डिझेल, सीएनजी आणि हायब्रिड गाड्यांचे काय?

डिझेल आणि सीएनजी गाड्यांना ई२० चा संबंध नाही, मात्र सीएनजी गाडीची पेट्रोलची छोटी टाकी महिनोन्महिने तशीच पडून राहते, ती अधूनमधून वापरून संपवावी. हायब्रिड गाडीला पेट्रोल गाडीचेच नियम लागू होतात.

ब्रश कटर आणि होडीच्या इंजिनात पंपावरचेच पेट्रोल चालते का?

चालवावे लागते, पण खरी जपणूक इथेच हवी. कुळागरातले (सुपारी-नारळाच्या बागेतले) गवत कापणारे यंत्र पावसाळ्यात दोन महिने राबते आणि उरलेले वर्ष खुंटीला टांगलेले असते. त्यात पेट्रोल आणि टू-टी ऑइलचे मिश्रण तसेच राहिले, तर इथेनॉल छोट्या कार्बोरेटरचा पडदा ताठ करते आणि पुढच्या मिरगाला यंत्र दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच बनवावे, डबा घट्ट झाकणाचा असावा, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे.

होडीच्या बाहेरून लावायच्या इंजिनाची टाकी अनेकदा हवेला उघडी आणि खाऱ्या पाण्याजवळ असते, त्यामुळे वर सांगितलेला दोन थरांचा धोका गाडीपेक्षा तिथे कितीतरी अधिक आहे. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवल्याशिवाय समुद्रात जाऊ नये. फायबरच्या जुन्या टाकीचे राळ इथेनॉलने मऊ होते. अशी टाकी बदलावीच.

इथेनॉलचा परिणाम घालवणाऱ्या बाटल्या घालाव्यात का?

कोणतीही बाटली पेट्रोलमधले इथेनॉल नाहीसे करत नाही किंवा कमी झालेली ऊर्जा परत आणत नाही. गंजरोधक आणि इंधन टिकवणारी रसायने लांब काळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उपयोगी पडतात. रोज चालणाऱ्या गाडीत दर टाकीला बाटली ओतणे म्हणजे दुकानदाराचे भले करणे.

ई८५ किंवा ई१०० साध्या गाडीत भरता येईल का?

अजिबात नाही. ते केवळ फ्लेक्स-फ्यूएल, म्हणजे इथेनॉलच्या कमी-जास्त प्रमाणाला जुळवून घेणाऱ्या, गाड्यांसाठी आहे. इंडियन ऑइलने मार्च २०२४ मध्ये पाच राज्यांतील १८३ पंपांवर ‘इथेनॉल १००’ आणले. त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक आहेत, गोवा नाही. बेळगाव किंवा कोल्हापूरकडे जाताना असा फलक दिसला आणि दर कमी वाटला, तरी मोहात पडू नये. साध्या गाडीचा संगणक इतके पातळ मिश्रण सावरू शकत नाही. ‘ब्राझीलमध्ये चालते, मग इथे का नाही’ याचेही उत्तर यातच आहे. ब्राझीलने १९७५ पासून हा रस्ता धरला आणि तिथल्या पेट्रोलमध्ये २०२५ च्या ऑगस्टपासून ३० टक्के इथेनॉल आहे, पण तिथल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या मुळातच फ्लेक्स-फ्यूएल आहेत.

इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, मग पेट्रोल स्वस्त का झाले नाही?

मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार जुलै २०२५ अखेर इथेनॉलच्या खरेदीचा सरासरी दर, वाहतूक आणि जीएसटी धरून, लिटरला ७१.३२ रुपये होता, म्हणजे ते शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या मूळ किमतीपेक्षा स्वस्त राहिलेले नाही. आयात घटते आणि शेतकऱ्याला पैसा मिळतो, हे दोन्ही खरे आहे. पण कमी अंतर जाणाऱ्या लिटरला ग्राहक तेवढेच पैसे मोजतो, ही तक्रारही खरी आहे, आणि ती करणाऱ्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही.

ई१० च्या गाडीत ई२० भरल्याने वॉरंटी किंवा विमा जातो का?

विमा जात नाही, असे मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. वॉरंटीची मुदत शिल्लक असेल, तर विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे आणि पेट्रोलच्या पावत्या वर्षभर जपून ठेवाव्यात. तोंडी आश्वासन देणारा विक्रेता पुढच्या वर्षी त्याच खुर्चीत असेलच असे नाही.

जुनी गाडी विकत घेताना या दृष्टीने काय पाहावे?

उत्पादनाचा महिना आणि झाकणामागचे स्टिकर तर पाहावेच. त्याशिवाय गाडी पाहायला सकाळी लवकर, मालकाने ती सुरू करण्याआधी जावे. बोनेट उघडून आधी वास घ्यावा. मग इंधनाची नळी दोन बोटांत धरून हलकेच वाकवावी आणि पृष्ठभागावर भेगा उघडतात का ते पाहावे. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगून ते पहिल्या मिनिटात गचके देते का हे ऐकावे. मालकाने इंजिन आधीच तापवून ठेवलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे, आणि या वेळी येण्याची वेळ त्याला कळवू नये.